शिर राहुरीत, धड पुलापलीकडे

पुराणकथांवर फँटसी लिहिणारे विचारतात, संशोधन किती करावं? आमच्या नगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात ते एसटीच्या तिकिटाइतकं आहे. दंतकथा अशी: मोहिनीने नेवाशात अमृत वाटलं; राहूचं शिर उडून राहुरीत पडलं, काया गोदावरीपलीकडे कायगावात. म्हणजे नकाशा आयता. तरी कादंबरीकार ड्रॅगन आणतो आणि राहूला स्वतःचं धड शोधायला थेट हिमालयात धाडतो! (प्रवरासंगमच्या पुलावर कुणालाही विचारलं असतं तरी काम झालं असतं.) शिर पडलं त्या राहुरीत आज कृषी विद्यापीठ आहे, 'अमृतवाहिनी' प्रवरेचं पाणी उसाला जातं, एवढ्यावर दुसरा भागही निघेल. लेखकराव, नकाशा छापायला टाकण्याआधी एकदा येऊन जा. मोहिनीराजाचं देऊळ अजून नेवाशातच आहे.