अडाणीपट्टी

आपल्याकडे पालिका घरपट्टी घेते, पाणीपट्टी घेते. व्हेनिसची पालिका अडाणीपट्टी घेते. कागदोपत्री तिचं नाव अर्थात सभ्य आहे : प्रवेशशुल्क. 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक तारखांना, दिवसापुरतं येणाऱ्या पाहुण्याला शहरात शिरायचे 5 युरो मोजावे लागू लागले. पुढच्या वर्षी त्यात सुधारणा झाली. चार दिवस आधी भरलेत तर 5, ऐनवेळी जाग आली तर 10, आणि न भरता सापडलात तर दंड 50 ते 300. शहर तेच, पूल तेच, दर मात्र तुमच्या गाफीलपणाप्रमाणे चढता. करआकारणीतला इतका प्रामाणिकपणा दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

आमचे एक स्नेही टूरवाल्यांचे जुने वैरी. पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर, दिवसभर झेंड्यामागे पळापळ आणि युरोपात जाऊन रात्री पिठलं-भात, याला ते प्रवास म्हणत नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यात वेरोनात मुक्काम ठोकून त्यांनी एका शनिवारचं व्हेनिस एक्सेलमध्ये बसवलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. नैसर्गिक विधींनाही रकाना होता. शहराने त्यावर दिवसभर केलेल्या दुरुस्त्या वहिनींनी आम्हाला सविस्तर सांगितल्या. स्नेही त्या वेळी चहात साखर ढवळत होते. त्यांना मधुमेह आहे.

पहिली दुरुस्ती मेस्त्रेची. आगगाडी थांबली, फलाटावर ‘व्हेनेझिया’ लिहिलेलं दिसलं, मंडळी उतरली. त्यापुढे ‘मेस्त्रे’ असंही लिहिलेलं होतं, पण उत्साहात माणूस पाटीचा पहिलाच शब्द वाचतो. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं व्हेनिस. तिथे मोटारी आहेत, सिग्नल आहेत, ट्राम आहे, म्हणजे व्हेनिसला ज्यासाठी जातात ते सोडून सगळं आहे. पाण्यातलं व्हेनिस पुढच्या स्टेशनला, सांता लुचियाला. मध्ये खाजणावरचा 1846 सालचा, जवळपास चार किलोमीटरचा पूल. ठाण्याला उतरून गेटवे शोधावा, तसे हे दोघं अर्धा तास कालवा शोधत होते. गंमत म्हणजे आदल्या रात्री मुक्काम त्याच मेस्त्रेत केला असता तर प्रवेशशुल्क माफ झालं असतं, कारण मेस्त्रे व्हेनिसच्याच हद्दीत येतं आणि मुक्कामाचा कर हॉटेलातच वसूल होतो. एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता. सांता लुचियाबाहेर तपासनीस उभे होते. मग मोबाइलवर कोड काढा, कार्ड चालवा, ओटीपीची वाट पाहा. ओटीपी पुण्यात राहिलेल्या सिमकार्डावर गेला. दोघांचे 20 युरो अखेर मुलीने भारतातून भरले. दुपारी चारनंतर शुल्क नसतं, हे तिनेच फोनवर सांगितलं. भरून झाल्यावर.

यानंतर पत्ता. शाकाहारी जेवणाची एक जागा स्नेह्यांनी हेरून ठेवली होती आणि पत्ता कागदावर लिहून घेतला होता : विभागाचं नाव आणि चार आकडी नंबर. बस. व्हेनिसच्या पत्त्यात गल्लीचं नाव असलंच पाहिजे असं नाही. शहराचे सहा विभाग आहेत आणि नंबर गल्लीला नव्हे, अख्ख्या विभागाला पडलेले आहेत. कास्तेल्लो विभागात हा आकडा साडेसहा हजारांच्या पुढे जातो. नंबर भिंतीला धरून चालतात, बोळात शिरतात, कमानीखालून निघतात, अंगणाला फेरी मारतात आणि पुन्हा बाहेर येतात. त्यामुळे एका दाराशेजारच्या दाराचा नंबर शंभरांनी पुढे निघू शकतो. पेठांची वस्ती असलेल्या पुण्याच्या माणसाला खरं तर इथे घरच्यासारखं वाटायला हवं होतं. फरक इतकाच, की पुण्यात ‘देवळासमोर, पिठाच्या गिरणीवर’ असं सांगता तरी येतं.

मोबाइलचा नकाशा? दोन उंच भिंतींमधल्या चिंचोळ्या बोळात आभाळाची चिंधीभर पट्टी दिसते. उपग्रहाने तेवढ्यातून तुम्हाला काय शोधावं? नकाशावरचा निळा ठिपका कालव्यात उभा होता. शेवटी पाट्या. व्हेनिसच्या भिंतींवर ‘रियाल्तोकडे’ अशा पिवळ्या पाट्या लावलेल्या आहेत. काही ठिकाणी रियाल्तोकडे बाण डावीकडेही जातो आणि उजवीकडेही, आणि दोन्ही खरे असतात. या पाट्या तयार करणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. आपल्या राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांना हे अजून साधलेलं नाही. नवरा-बायकोच्या एका जोडीला मात्र दोन बाण पुरेसे असतात. दोघं दोन दिशांना गेले आणि वीस मिनिटांनी एकाच पुलावर समोरासमोर आले. जेवणाची जागा तोवर बंद झाली होती.

पाय थकले म्हणून बोट. इथली सार्वजनिक बस म्हणजे वापोरेत्तो. पाहुण्याला एक तिकीट 9.50 युरो, चालतं 75 मिनिटं. रहिवाशांना भाडं कितीतरी कमी. 4.1 आणि 4.2 अशा दोन बोटी आहेत. मार्ग जवळपास तोच, दिशा उलट. दशांशचिन्हानंतरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करायची सवय आपल्याला शाळेपासून असते. त्यामुळे फोंदामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून सेंट मार्क्स चौकाकडे निघालेली जोडी पुढच्याच थांब्यावर उतरली. थांब्याचं नाव ‘चिमितेरो’. सान मिकेले हे व्हेनिसचं स्मशानबेट. नेपोलियनच्या राजवटीत शहरातले दफनविधी बंद करून मढी इकडे धाडायचं ठरलं, तेव्हापासून गाव इथे येऊन पडतं. संगीतकार स्ट्राविन्स्की इथे आहे, कवी एझ्रा पाउंड इथे आहे. जागा इतकी तुटपुंजी, की सामान्य माणसाला पुरल्यावर काही वर्षांनी अस्थी काढून जागा मोकळी करतात. मुंबईत भाडेकराराने राहणाऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. “अहो, इथे तरी तिकीट नाही,” वहिनी म्हणाल्या. सबंध दिवसातलं हे एकमेव फुकट स्थळ, आणि शांत बसून पाहिलेलंही. तेवढ्यात बोटीच्या तिकिटाची 75 मिनिटं संपली.

चौकात पोचल्यावर वहिनींनी उपाशीपोटी चिवड्याचा डबा काढला. समोर कबुतरं. व्हेनिसने 2008 मध्येच या चौकात कबुतरांना दाणे टाकायला बंदी केली. दंड 25 ते 500 युरो. मुंबईला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकायला 2025 उजाडलं आणि त्यावरही केवढं रणकंदन माजलं. कबुतरं राहू द्या, चौकात फतकल मारून स्वतः चिवडा खाल्लात तरी 100 ते 200 युरो. खुर्चीवर बसायचं तर कॉफी मागवा, आणि शेजारी वाद्यवृंद वाजत असेल तर कानांचं बिल वेगळं. गोंडोला अर्धा तास, 90 युरो. पालिकेच्या स्वच्छतागृहात दीड युरो. तिथे मात्र कोणी घासाघीस केली नाही.

जाता जाता, वहिनींनी पावसाळी गमबूटही नेले होते. व्हेनिस बुडतं हे ऐकून होत्या. तिथे पाणी चढतं ते मुख्यतः शरद आणि हिवाळ्यात. 12 नोव्हेंबर 2019 ला 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. आता भरतीच्या वाटेवर 78 पोलादी दरवाजे बसवलेत. काम 2003 ला सुरू झालं, दरवाजे प्रत्यक्ष भरती अडवायला पहिल्यांदा उभे राहिले 2020 ला, आणि मधल्या काळात 2014 मध्ये लाचखोरीच्या चौकशीत 35 जणांना अटक झाली. कंत्राटाच्या बाबतीत तरी मराठी माणूस तिथे परका नाही.

आता टूरवाल्यांनी हसू नये. 1 ऑगस्ट 2024 पासून व्हेनिसमध्ये 25 पेक्षा मोठा गट नेता येत नाही आणि मार्गदर्शकाने लाउडस्पीकर वापरायचा नाही. पन्नास मराठी माणसांचे दोन गट पाडायचे, ते सुद्धा कुठल्या गटात कोण यावरून भांडण न होता, आणि हे सगळं हळू आवाजात! झेंड्याचा धंदा अवघड आहे.

एवढ्या पट्ट्या वसूल करून शहर कोणाचं भलं करतं? 1951 मध्ये जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाख माणसं राहत होती. रियाल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाने खिडकीत रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी लावली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये तो पन्नास हजारांखाली गेला. तिथल्या एका नागरिक संघटनेने सप्टेंबर 2023 मध्ये हिशेब मांडला : जुन्या शहरात राहणारी माणसं 49,304, आणि पाहुण्यांसाठी घातलेल्या खाटा 49,693.