काय बड्डे, कोलंबस!

मावशीचा मुलगा वॉशिंग्टनला असतो. परवा फोनवर तो तिथल्या डंबार्टन ओक्स संग्रहालयाचं वर्णन करत होता. १९६३ साली फिलिप जॉन्सनने बांधलेलं चिमुकलं दालन, मधे कारंजं, भोवती काचेच्या आठ गोल खोल्या, त्यांत माया आणि इंका लोकांच्या वस्तू.

"प्री-कोलंबियन कला म्हणतात, आई. कोलंबसाच्या आधीची."

"मग आमची कुठली नंतरची आहे?" मावशी म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. कोलंबस निघाला १४९२ साली. जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयातल्या कलचुरी मूर्ती त्याच्याही कितीतरी शतकं आधीच्या. चाळीस वर्षं या गावात काढून मावशीने त्या पाहिल्या नव्हत्या. "मी नेतो," मी म्हणालो. मला ओळखणाऱ्या माणसाने इथेच डबा बरोबर घेतला असता.

विजय नगरच्या चौकात रिक्षा थांबली. "काय बड्डे, कितै जाने?"

'काय' ऐकून मी विरघळलोच. परमुलखात आपला माणूस! त्याला शुद्ध नागपुरीत गाव विचारलं, पोरंबाळं विचारली, "राणी दुर्गावतीला घ्या हो" म्हणालो आणि बसलो. हे 'काय' बुंदेली आणि 'बड्डे' म्हणजे भाऊ, हे मावशीने सांगेपर्यंत आम्ही निम्म्या वाटेवर होतो.

रिक्षा थांबली ती भल्यामोठ्या फाटकापाशी. "केवढं संग्रहालय आहे!" मी म्हणालो.

"विद्यापीठ आहे ते," मावशीने पाटी वाचली.

दुसऱ्या रिक्षावाल्याला मी बजावलं, "ये नहीं, दूसरावाला रानी दुर्गावती." त्याने माझा घामेजलेला चेहरा पाहिला, मावशीचं लंगडणं पाहिलं आणि सुसाट नेऊन सोडलं ते त्याच नावाच्या जनाना हॉस्पिटलपाशी. दारावरच्या माणसाने विचारलं, "पेशंट कौन है?" मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

चूक त्यांची नव्हे. १५६४ साली मुघलांशी लढता लढता गेलेल्या राणीचं नाव या गावाने मायेने जागोजागी लावलंय. नुसतं तेवढंच सांगून रिक्षात बसणं म्हणजे पुण्यात 'शिवाजी' एवढाच पत्ता देणं. कोलंबसही भारत शोधायला निघून भलतीकडे लागला आणि मरेपर्यंत आशियातच पोचलो म्हणत राहिला. फक्त त्याच्याबरोबर गुडघेदुखीवाली मावशी नव्हती.

शेवटी तिनेच तिसऱ्या रिक्षावाल्याला दोन शब्द सांगितले, "भंवरताल बगीचा." दहा मिनिटांत संग्रहालयापाशी पोचलो.

आत मूर्तीच मूर्ती. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचं जवळचंच तेवर गाव. भेडाघाटच्या त्यांच्या चौसष्ट योगिनी मंदिरात कोनाडे मात्र ८१. त्यांच्यातही माझ्यासारखा कुणी असणार.

मावशी एका मूर्तीपाशी थांबली. आईचा हात खांद्यापासूनच तुटलेला. पण कडेवरच्या पोराच्या पाठीवर तिची चार बोटं तशीच चिकटलेली. मावशी काही बोलेना. मग पदराने तिने चष्मा पुसला, आधीच स्वच्छ असलेला.

"याचा फोटो पाठव त्याला," ती म्हणाली. "म्हणावं, ही पण आधीचीच."

परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "काय बड्डे?" मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझ्या हातात खोव्याची जिलबी ठेवली.