पंखा काढला आहे

आमचा पुतण्या पुण्याच्या कंपनीचं काम भंडाऱ्यातल्या घरातूनच करतो. काम आटोपलं की घरातच गोल्फही खेळतो. त्यासाठी त्याने धानाची खोली मागून घेतली. पडद्यावर स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज मैदान दिसतं, चेंडू मात्र खराखुरा मारायचा. सुरक्षेची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी निवृत्त आहे.

“काका, चेंडू 45.93 ग्रॅमच्या वर नसतोच,” त्याने धीर दिला. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या एक तृतीयांशही नाही. तो ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, हे जाळं बांधून झाल्यावर सांगितलं.

जाळं वैनगंगेवरच्या एका ढिवरदादांकडून आणलं. चेंडूचा व्यास निदान 42.67 मिलिमीटर, म्हणून चष्मा लावून, पट्टी धरून मी जाळ्याची भोकं मोजली. मग ते खाटेच्या नवारीसारखं करकचून ताणलं. पहिला चेंडू जाळ्यावर आदळला, उलटा फिरला आणि माझ्या कानाजवळून खिडकीबाहेर गेला. दादा नेमके पैसे न्यायला आले होते. म्हणाले, “का जी भाऊ, तानून कायले बांधता? ढिल्लं सोडजा!” ढिल्लं सोडलं. चेंडू जाळ्यात शिरून मुकाट खाली पडू लागला. पडदा सैल टांगावा, मागे भिंतीपर्यंत फूटभर जागा सोडावी, असं माहितीपुस्तकातही होतं म्हणे. पुतण्याने ते नंतर वाचलं.

उरला वरचा भाग. पुतण्या सहा फुटी, काठी पावणेचार फुटी आणि स्लॅब नऊ फुटांवर. या खेळाला शक्यतो दहा फूट उंची हवी. स्लॅब उचलता येत नाही म्हणून पंखा काढला. भंडाऱ्यात, मे महिन्यात.

बाजूच्या भिंतींना धानाची पोती लावली. दोन पोत्यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीतून एक चेंडू गेलाच, तो थेट सौ.च्या माहेरच्या पितळी गुंडावर. पितळेसाठी नावाजलेलं हे गाव, तेव्हा पोचा काढणारा मिळाला. त्याने गुंड उन्हात फिरवून पाहिला आणि विचारलं, “कशानं पडला?” सौ. म्हणाली, “स्कॉटलंडहून आला.”

आता पुतण्याला पुण्याला बोलावलं आहे. कंपनीने घरून काम बंद केलं. जाळ्यावर कुरड्या वाळताहेत. पंखा पोत्यांच्या मागे आहे आणि पोती हलवायला मजूर पाऊस पडल्यावर येतो म्हणाला.