साडेसहा हजार केल्विनचा अहंकार

लॅपटॉपचा पडदा कॅलिब्रेट करणाऱ्या माणसाला जगात दोनच प्रकारचे लोक दिसतात: ज्यांचे पडदे चुकीचे आहेत ते सगळे, आणि तो स्वतः. मी त्याच जातीचा असल्यामुळे हा अहंकार किती थोडक्यात कमावता येतो ते सांगू शकतो. पडदा अर्धा तास तापू द्यायचा, त्यावर माउसएवढा कलरीमीटर लटकवायचा आणि तो लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन मोजत असताना गंभीर चेहऱ्यानं समोर बसायचं. व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस चौरस मीटरला १२० कँडेला, ही आमची संध्या. त्या वेळी अंगात राणी रंगाचा शर्ट नको, कारण त्याची झाक पडद्यावर पडते. म्हणून या पंथातले कडवे लोक करडे कपडे घालून बसतात. शेवटी पडद्याचे रंग दुरुस्त करणारी ‘प्रोफाइल’ नावाची फाइल तयार होते आणि डेल्टा ई नावाचा आकडा हाती येतो. मागितलेला रंग आणि उमटलेला रंग यांतलं अंतर तो सांगतो, आणि तो दोनच्या खाली असला तर ते अंतर डोळ्याला सहसा कळतच नाही. म्हणजे एवढा खटाटोप करून जे मिळवलं ते दिसत नाही, हाच ते मिळाल्याचा पुरावा! असलं वैभव पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून बोलून दाखवावं लागतं.

या खटाटोपामागचं गृहीतक असं, की माणसाला खरे रंग हवे असतात. पुरावा मात्र उलट बाजूला झुकतो. बहुतेक लॅपटॉप निळसर पांढऱ्याकडे कललेले येतात, त्यामुळे कॅलिब्रेट केलेला पडदा पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, ‘पिवळा पडलाय, बिघडला वाटतं.’ शोरूममधले टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात, कारण शेजारी ठेवलेल्या इमानदार टीव्हीकडे गिऱ्हाईक वळून बघत नाही. गवत आपल्याला होतं त्याहून हिरवं आणि आभाळ होतं त्याहून निळं आठवतं, हे रंगसंवेदनेच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा दाखवलं आहे. यावर कोणी म्हणेल, डोळा काही मिनिटांत समोरच्या पांढऱ्याशी जुळवून घेतो, मग यंत्र कशाला? पण यंत्र लागतं ते नेमकं त्याचसाठी. जुळवून घेणारा साक्षीदार कोर्टात कामाचा नसतो. निळसर पडद्यावर बसलेला माणूस न कळत फोटोत पिवळा ओततो, आणि अल्बम छापून येतो तेव्हा अख्खं वऱ्हाड काविळीनं उठल्यासारखं दिसतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: फोटो बघणार सगळे आपापल्या मोबाइलवर, आणि प्रत्येक मोबाइलचा रंग वेगळा, मग माझ्या एकट्याच्या शुद्धतेला काय किंमत? किंमत एवढीच, की प्रत्येक मोबाइल चुकणार तो आपल्यापुरता. त्यात माझ्या पडद्याची चूक मिसळणार नाही. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली एसआरजीबी ठरवलं ते अशाच सोयीसाठी. तो रंगांचा एक करार आहे, आणि करार पाळायला निदान एका पक्षानं तरी सुरुवात करावी लागते.

अर्थात या शास्त्रातलं खरं पांडित्य फोटोवाल्यांकडे नाही. ते मॅचिंग सेंटरमध्ये आहे. भिंतभर लावलेल्या ताग्यांतून दुकानदार साडीच्या डाळिंबीला जुळणारे तीन डाळिंबी काढून समोर टाकतो, आणि काउंटरपलीकडची बाई त्यांतल्या एकावरही विश्वास न ठेवता साडी आणि कापड घेऊन थेट रस्त्यावर उन्हात जाते. आत ट्यूबलाइटखाली एकजीव दिसणारी जोडी बाहेर येताच भांडायला लागते: एक विटकरीकडे ओढतो, दुसरा जांभळ्याकडे. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन कापडांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. एका उजेडात ती डोळ्याला सारखाच निरोप पाठवतात, दुसऱ्या उजेडात नाही. मोरपंखी आणि चिंतामणी यांतला फरक तर असा, की कोणत्याही कलरीमीटरनं त्या बाईपुढे हात जोडावेत. २०१५च्या फेब्रुवारीत एका पोशाखाचा फोटो निळा-काळा की पांढरा-सोनेरी यावरून अर्धं जग भांडलं, शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले. पोशाख निळा-काळाच होता. तुळशीबागेत हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता: ‘बाहेर नेऊन बघा.’ आणि गंमत अशी, की आमचा पडदाही शेवटी एक मॅचिंग सेंटरच आहे. त्याच्याकडे पिवळा उजेड नसतोच. लाल आणि हिरवा एकत्र पेटवून तो डोळ्याला लिंबाचा भास करून देतो. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याला एसआरजीबीतले साठ-पासष्ट टक्के रंगच जमतात, आणि जो तागा दुकानातच नाही तो कॅलिब्रेशन करून भिंतीवर येत नाही.

साडीच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला समाज साडीतल्या बाईच्या बाबतीत मात्र एकदम उदार होतो, आणि इथे मला हसू येत नाही. ब्लाउज अर्ध्या छटेनं चुकला तर कापड परत जातं. चेहरा चार छटांनी उजळला तर ‘फोटो छान आलाय.’ ही खोड यंत्रांच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत कोडॅककडून फोटो लॅबना शर्ली कार्ड नावाचं नमुनाचित्र जात असे. त्यावर गोरी बाई. तिची कातडी बरोबर छापली की यंत्र बरोबर. फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी कुरकुर केली तेव्हा फिल्ममधल्या तपकिरी छटांकडे लक्ष गेलं, असं सांगतात. सावळ्या माणसांची कुरकुर तेवढी ऐकू आली नसावी. आपल्याकडे २०२० साली एका मोठ्या विवाहसंकेतस्थळानं कातडीच्या रंगाची चाळणी काढून टाकली, पण लग्नाच्या अल्बममधली चाळणी शाबूत आहे. मोबाइल तर न विचारताच तोंड धुऊन देतो. कोणी म्हणेल, लोकांनाच तसं हवं असतं, गिऱ्हाइकाला नाराज करणारे तुम्ही कोण? ज्या मुलीला लहानपणापासून उन्हात जाऊ नकोस असं बजावलं गेलं, तिच्या ‘हवं असतं’ला मी तिची आवड मानायला तयार नाही. तो तिच्यावर चढवलेला प्रोफाइल आहे, आणि तो तिनं निवडलेला नाही.

म्हणून आमच्या पंथाचा हिशेब एकदा मांडायला हवा. डेल्टा ई दोनच्या खाली आणण्यासाठी आम्ही खिडकीचे पडदे ओढतो, करडे कपडे घालतो, बॅकलाइट जुना होत जातो म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजतो. आणि मग त्याच निर्मळ पडद्यावर नवरीच्या गालावरचा स्लायडर असा ओढतो, की एका बोटात त्याच्या दसपट चूक घरात येते. यंत्राचा मोठेपणा हा, की सुंदर कशाला म्हणतात ते त्याला माहीत नसतं. ते फक्त मोजतं. आम्हाला सुंदर म्हणजे काय ते माहीत आहे असं वाटतं, हीच पंचाईत. कॅलिब्रेशन जरूर करावं, त्याचा तोराही थोडा मिरवावा, माझी ना नाही. पण चेहऱ्यावरच्या स्लायडरला हात लावायचा असेल तर आधी पडद्याचा प्रोफाइल काढून टाकावा आणि कलरीमीटर विकून यावा. गोरं करायला निळसर पडदा पुरतो, आणि तो लॅपटॉपबरोबर फुकट मिळतो.