रुपयाचा घरजावई

गुडघ्याचा पट्टा ३४९ रुपयांना आला, वेळेवर आला आणि चांगला निघाला. तक्रार पट्ट्याबद्दल नाहीच. पट्ट्यापाठोपाठ दर महिन्याच्या सात तारखेला खात्यातून १४९ रुपये जायला लागले, त्याबद्दल आहे. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या शेजारच्या काकूंना पट्टा मागवल्याचं लख्ख आठवतं, सभासद झाल्याचं अजिबात आठवत नाही. "मंडळाची वर्गणीसुद्धा मी पावती हातात पडल्याशिवाय सोडत नाही. आणि ही कसली रे मेंबरशिप?"

जयंती कॉम्प्लेक्समधल्या मोबाइलवाल्यानं काकूंचा फोन दोन बोटांत धरला, अंगठ्यानं चार वेळा वर सरकवला आणि निदान केलं, "बड्डे, ये तो ऑटोपे है." झालं होतं ते असं. पट्ट्याचे पैसे भरून झाल्यावर एक पडदा आला. अभिनंदन! फक्त तुमच्यासाठी! पहिला महिना १ रुपयात, सगळं घरपोच फुकट! खाली भलंमोठं नारिंगी बटण. त्याच्याखाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्याची शेवटची ओळ असावी अशा करड्या अक्षरांत, 'नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतं'. आता काकूंना जास्त पैसे द्यायला आवडत नाही, हे अख्ख्या नेपियर टाउनला ठाऊक आहे. त्यांनी नारिंगी बटण दाबलं आणि रुपयासाठी पिन टाकला. एक रुपयाचा पाहुणा घरात आला आणि घरजावई होऊन बसला.

बँकेत गेल्या, तर काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता सांगितलं, "माताजी, पिन तो आपने ही डाला है."

बरोबर आहे त्याचं. हा सगळा धंदा याच एका वाक्यावर उभा आहे. कुणी खिसा कापला नाही, कुलूप तोडलं नाही. तुमचा होकार आहे, तुमच्या बोटाचा आहे, तारीखवेळेसकट आहे. फक्त होकार कशाला दिला, ते तुम्हाला ठाऊक नाही.

जबलपूरला याचं नवल वाटायचं कारण नाही. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमननं १८३० च्या दशकात ठगांविरुद्धची मोहीम इथूनच चालवली आणि १८३६ साली ठगांच्या बोलीचा कोशही छापला. त्यात 'सोठा' आहे. सोठा फास आवळत नसे. वाटसरूला गाठायचं, गोड बोलायचं, 'एकट्यानं कशाला जाता, आमच्याबरोबर चला' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. स्लीमनचं लिहिणं कितपत खरं मानायचं यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडोत. सोठा मला रोज मोबाइलवर भेटतो. मात्र ठगांना गिऱ्हाईक एकदाच लागे, नव्या सोठ्यांना ते जिवंत, धडधाकट आणि दरमहा लागतं. आपल्या दीर्घायुष्याची इतकी कळकळ आयुर्विम्याच्या एजंटालाही नसेल.

याची तालीम आपल्याकडे कॉलर ट्यूनच्या काळात झाली. कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि रिचार्जमधून महिन्याला तीसेक रुपयांचं राशिभविष्य सुरू व्हायचं. भविष्यात 'धनहानीचा योग' असायचा आणि तो हमखास खरा ठरायचा. शेवटी जुलै २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं बजावलं, की गिऱ्हाइकाचा होकार दोनदा घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. बंद करायला १५५२२३ हा क्रमांकही होता. तो किती जणांना पाठ होता, हे वेगळं सांगायला नको.

तिकडे अमेरिकेत तर काम आणखी सफाईनं चालायचं. तुम्ही एका दुकानात फुलं किंवा सिनेमाची तिकिटं घ्यायची, पैसे भरायचे, आणि 'पुढच्या खरेदीवर सूट' म्हणत मधेच एक तिसरीच कंपनी उगवायची. तुम्ही तिला कार्डाचा क्रमांक द्यायचाही प्रश्न नव्हता, दुकानदारच परस्पर द्यायचा. २००९ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीनं चौकशी केली, तेव्हा अशा सभासदत्वांतून १४० कोटी डॉलरहून जास्त वसूल झाल्याचं निघालं. डिसेंबर २०१० मध्ये कायदा झाला आणि ही परस्पर देवाणघेवाण बंद झाली. मग कंपन्यांनी दाराचा विचार केला. आत यायचं दार ढकललं की उघडतं. बाहेर जायच्या दाराची कारागिरी मात्र बघण्यासारखी. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला, त्यात प्राइम रद्द करण्याच्या वाटेचं वर्णन आहे : चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीच्या आत या वाटेला 'इलियड' म्हणत. आपल्याच दाराला ट्रोजन युद्धाच्या महाकाव्याचं नाव देणाऱ्यांना ते दार कसं आहे हे माहीत नव्हतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं, चूक कबूल न करता, २५० कोटी डॉलरवर मिटवलं. त्याच वर्षी जुलैत 'आत यायला जितकं सोपं तितकंच बाहेर पडायला' हा तिथला नवा नियम कोर्टानं लागू होण्याच्या तोंडावरच रद्द केला होता. नियम रद्द करणं किती सोपं असतं बघा.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. दुकानानं आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन म्हणजे गिऱ्हाइकाचा होकार नव्हे, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कार्डातून दरमहा आपोआप पैसे काढायचे तर किमान २४ तास आधी कळवायचं आणि नको म्हणायची सोय ठेवायची. यूपीआयवरही आधी निरोप येतो. काकूंनाही यायचा. तो यायचा वीजबिल, गॅसचं अनुदान, पूर्वमंजूर कर्ज, 'प्रिय ग्राहक केवायसी' आणि भाचेसुनेच्या सुप्रभाताच्या गुलाबांमध्ये. गुलाब तेवढे काकू उघडून बघत.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तर ऑनलाइन चलाख्यांचे एकूण १३ प्रकार नावानिशी जाहीर केले. टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, लाज आणून हो म्हणवणं, सभासदत्वाचा सापळा, सगळे त्यात आहेत. म्हणजे काकूंच्या पडद्यावर तेरातले निदान दोन एका वेळी हजर होते. तेरा मोजून झाले; तेरावं मात्र अजून कुणाचं जेवायला मिळालेलं नाही.

खरी हुशारी आकड्यात आहे. १,४९० कापले असते तर काकूंचा आवाज ग्वारीघाटापर्यंत गेला असता. १४ कापले असते तर कंपनीला परवडलं नसतं. १४९ ही रक्कम आपल्या आळसाचं माप घेऊन काढलेली आहे. एवढ्यासाठी कोण सुट्टी टाकणार, कोण रिक्षा करून बँकेत जाणार, कोण कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसणार? 'जाऊ दे' हे आपले दोन शब्द त्यांच्या ताळेबंदात उत्पन्नाच्या बाजूला मांडलेले असतात. आणि आपण शहाणपणा कुठे करतो, तर रागानं ॲप उडवून टाकतो. ॲप जातं, मंजुरी राहते. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेचा वेगळा कप्पा असतो, तिथे जाऊन ती मंजुरी रद्द करावी लागते. काकूंच्या त्या कप्प्यात आणखी दोन जावई सापडले. एक भजनांचा, एक केस वाढवण्याचा. भजनांचा त्यांनी ठेवला.

आता आठ महिन्यांचे ११९२ रुपये परत हवेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर काकूंनी तक्रार नोंदवलीय, आणि पुढचंही त्यांना कुणीतरी सांगितलंय : २०१९ च्या कायद्यानुसार गिऱ्हाईक राहतं तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीचं ऑफिस कुठे का असेना, तिला उत्तर जबलपूरला द्यावं लागेल, या कल्पनेनंच काकूंचा गुडघा निम्मा बरा झालाय. परवा दुपारी त्यांनी सगळे एसएमएस तारीखवार वहीत उतरवले, समासासकट.

कंपनीचं उत्तर कालच आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आमच्यासाठी तुम्ही मोलाच्या आहात. भरपाई म्हणून पुढचे तीन महिने सभासदत्व फक्त १ रुपयात. खाली नारिंगी बटण.