सेंट पॅट्रिक एक दिवस थांबला

अहो वहिनी, ऐकलंत का? बी-विंगमधल्या काकूंची धाकटी सून यंदा परत आयरिश जेवण करतेय! हो हो, तीच, डब्लिनला चार वर्षं काढून आलेली. सकाळीच जांभळी नाक्यावरून पाच किलो बटाटे घेऊन येताना दिसली. मी म्हटलं, "काय गं, वडे का?" तर म्हणते, "नाही मावशी, 17 मार्च ना!" मी काय ते समजले.

2022 ला तुम्ही लेकीकडे गेला होतात, नाही का... मग तुमची मजा हुकली. त्या वर्षी 17 मार्चला नेमकी होळी. आता सेंट पॅट्रिक म्हणजे तिकडच्यांचा गणपतीच म्हणा ना. सुट्टी, मिरवणुका, जो तो हिरव्या कपड्यांत. आणि हिच्या डोक्यात काय, तर मटणाचा स्टू! होळीला! इकडे गॅसवर पुरण शिजतंय आणि ही फ्रीजरमधून मटण काढतेय. मी नेमकी तेव्हाच विरजण मागायला गेले होते, मुद्दाम नव्हे हो. काकूंचा चेहरा असा काही... रागावल्या की त्या मालवणीवर येतात, ठाऊक आहेच तुम्हाला. एवढंच म्हणाल्या, "तुझो पॅट्रिक फाल्यां जेवतलो. आज पुरणपोळी." विषय संपला. धुळवडीला काय, मटण लागतंच. संताला एक दिवस थांबवलं आमच्या खोपटच्या बाईनं!

पण खरं सांगू, काकूंचा विरोध तसा वरवरचाच. माहेर त्यांचं मालवण तालुक्यातलं, वराडच्या जवळच. वराड म्हणजे लिओ वराडकरांचं गाव. 2017 मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा काकूंनी विंगभर पेढे वाटले होते, जणू सख्खा भाचाच. वडील इथले डॉक्टर, आई आयरिश नर्स, इंग्लंडात जमलं दोघांचं. 2019 च्या डिसेंबरात लिओ घरच्यांना घेऊन वराडला आले, तेव्हा काकू खोपट स्टँडवर जाऊन एसटी पकडायच्या बेतात होत्या. काका म्हणाले, "ते काय तुला ओळखणार आहेत?" दोन दिवस अबोला. तर सुनेनं बरोब्बर तीच नस धरली. "आई, तुमच्या वराडकरांच्या देशातलं जेवण आहे हे." हुशार आहे हो पोरगी.

तर काय सांगत होते... हां, ब्रेड. सोडा ब्रेड म्हणतात त्याला. मैदा, थोडी कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक. बस्स. यीस्ट नाही, अंडं नाही. ताक, हे लक्षात ठेवा, ताक माझ्याकडचं होतं! मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं आणि लगेच भाजायला ठेवायचं. सोड्याला ताक लागलं की फुगायला सुरुवात, गप्पा मारत बसलात की झाला दगड. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लगेच, "म्हणजे ढोकळ्याचीच गत की!" वर सुरीनं मोठी फुली मारायची. का, तर म्हणे त्यातून पऱ्या बाहेर पडतात. मधला भाग कच्चा राहत नाही, हे माझं मत.

पण ओव्हन ऐन वेळी बंद पडला. सुनेचं तोंड एवढंस्सं. "पूर्वी तिकडच्या बायका लोखंडी भांड्यात घालून झाकणावर निखारे ठेवायच्या," असं ती आपली रडवेल्या आवाजात सांगत होती, तर काकू ताडकन उठल्या. "अगो, धोंडस करतत तसां!" अहो, कोकणात काकडीचं धोंडस असंच तर होतं, खाली विस्तव, वर विस्तव. काकूंनी जाड बुडाचं पातेलं काढलं, तळाला मीठ पसरलं, झाकणावर तापलेला तवा. पाऊण तास. पातेलं उघडलं तेव्हा सून सासूच्या गळ्यातच पडली! मी पाहिलंय हे, स्वतः.

बाकीचं काय, सगळा बटाटाच. उकडलेल्या बटाट्यात कोबी, पातीचा कांदा, मध्ये खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा, त्याला कोलकॅनन म्हणायचं. तिकडे केल की कायसा पाला घालतात, पण कोबीही चालतो. मग बॉक्स्टी. कच्चा किसलेला बटाटा, उकडलेला बटाटा, तव्यावर लावायचं. मी म्हटलं, हे आमचं उपवासाचं थालीपीठच, फक्त जिरं विसरलंय. आणि स्टू... मटण, बटाटा, कांदा, गाजर. हळद नाही, तिखट नाही. थाइम मिळालं नाही म्हणून काकूंच्या खिडकीतल्या ओव्याची चार पानं, वास जवळपास तोच म्हणे. पण पांढरंफटक हो! मी आपली पिशवीतून लोणच्याची बाटली हळूच काढली, तर समोर मास्तरीणबाईंचीही निघाली, आणि काकांनी तर फडताळातून थेट मिरचीचा ठेचा आणला. टेबलावर तीन बाटल्या. सून बघतच राहिली. मला जरा लाजच वाटली, पण झाकण उघडलं होतं ना...

आता खरी गोष्ट. मास्तरीणबाई, तुम्हाला त्यांची जीभ माहितीय, ताट पुढे ओढून म्हणाल्या, "बटाटा, परत बटाटा, वर आणखी बटाटा! यांच्याकडे दुसरं काही पिकत नाही का गं?" सगळे हसले. सून वाढता वाढता थांबली. हळूच म्हणाली, "पिकायचं की. पण गहू, ओट जायचे विकायला, नाहीतर जमीनदाराच्या खंडात. गरिबाच्या पोटाला बटाटाच. 1845 ला बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत दहा लाख माणसं गेली, आणि तेवढीच जहाजांत बसून देश सोडून गेली. आणि मावशी, तेव्हाही बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होतं."

वहिनी, सांगते, चमच्याचा आवाज नाही. मास्तरीणबाईंचा चेहरा असा उतरला... तीस वर्षं इतिहास शिकवलाय हो त्यांनी शाळेत! मान खाली घालून कोलकॅनन चिवडत बसल्या. शेवटी काकू उठल्या, त्यांच्या ताटातल्या खड्ड्यात लोण्याचा दुसरा गोळा घातला आणि म्हणाल्या, "खावा." बाईंनी दोनदा मागून घेतलं. लोणचं न लावता! माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात चांगला पदार्थ तोच होता. स्टूला मात्र मी आजही मार्क देणार नाही.

आणि आता बघा, काकू विंगभर काय सांगतात? "ब्रेड मी केला." बरं, केलात. पण ताकाचं नाव आहे कुठे? यंदाही आली होती सकाळी सून, भांडं घेऊन. दिलं मी, नाही कशाला म्हणू. तसं अर्धा लिटर उरलंय घरात... बरं, ते असू द्या. तुमच्याकडे ते जाड बुडाचं मोठं पातेलं आहे ना, संक्रांतीला तिळगूळ केलात ते? जरा द्या बघू संध्याकाळपर्यंत. आणि काकूंना बोलू नका हं.