प्लीज लावलं की झालं?

दहावीच्या पेपरात ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’ असं अचूक लिहून पोरगा पूर्ण गुण घेतो. पुढे तोच पुण्यात मुलाखतीला जातो आणि रिसेप्शनवर विचारतो, ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द एचआर ऑफिस?’ नियम तर तोच आहे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की ‘इज’ मागे जातो : ‘कुड यू टेल मी व्हेअर द एचआर ऑफिस इज?’ पण डायरेक्ट-इनडायरेक्ट हे गुण मिळवण्यापुरतं नसतं, बोलतानाही त्याचं काम पडतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. यात पोराचा काय दोष?

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मुलं उत्तरं भरपूर देतात, पण प्रश्न विचारायची पाळी त्यांच्यावर येते कधी? वर्गात बाई विचारतात, तोंडी परीक्षेला परीक्षक विचारतात. मग नम्रतेची सगळी भिस्त ‘प्लीज’ आणि ‘सर’वर. ‘प्लीज सेंड द फाइल टुडे, सर’ हा प्लीज लावला तरी हुकूमच. ‘कुड यू सेंड इट टुडे?’ म्हटलं की समोरच्याला ‘आज जमणार नाही’ म्हणायला वाट राहते. नम्रता त्या वाटेत आहे. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ला आपण उत्साहाने ‘येस, येस’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘हो, माझी हरकत आहे’. तिथे ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचं आणि खिडकी उघडायची.

(‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ला हसणाऱ्यांनी मात्र गप्प बसावं. त्यात आदर आहे आणि इथे तो सगळ्यांना कळतो.)

संताप याचा येतो की यातलं बरंचसं आपण घरूनच शिकून आलेलो असतो. शेजारच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, ‘काका, एक काम होतं.’ काम आत्ताचं, क्रियापद भूतकाळातलं, कारण थेट मागणं बरं दिसत नाही. ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’मधला ‘वॉन्टेड’ नेमका हेच करतो. ‘एसटी स्टँड कुठे आहे, सांगाल का?’ यात नुसतं ‘सांगा’ नाही, ‘सांगाल का’ आहे. ‘कुड यू टेल मी’ ते हेच. पहिलीतल्या पोरालासुद्धा ही रीत ठाऊक असते. तिला धरून इंग्रजी शिकवायचं सोडून आपण त्याच्याकडून ‘वॉन्ट, वॉन्टेड, वॉन्टेड’ घोकून घेतो.

तोंडी परीक्षेचा निम्मा वेळ मुलांना द्या. मुलीने परीक्षकांना विचारावं, ‘तुम्ही कुठून आलात, सांगाल का? पंखा लावला तर चालेल का? तो प्रश्न पुन्हा विचाराल का?’ सगळं इंग्रजीत. उत्तरं परीक्षकांनी द्यावीत आणि गुण तिच्या प्रश्नांना मिळावेत.